तिसऱ्या मजल्यावरच्या बाई

आमच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाई लिफ्टमध्ये कुणालाही काहीही विचारतात. आपला मजला आला तरी दार हाताने धरून बोलत राहतात. म्हणून मी त्यांना टाळायचो.

बायको गेल्यापासून घरात मी आणि नोकरी करणारी मुलगी, दोघंच. छातीच्या वजनाने तिची मान, पाठ सतत दुखते. छाती कमी करण्याच्या ऑपरेशनची माहिती घ्यायला आम्ही वाशीला डॉक्टरांकडे गेलो, पण तिथे छातीचं नाव काढायला मी लाजलो. "पाठ दुखते हिची," एवढंच म्हणालो. गोळ्या घेऊन परतलो.

लिफ्टमध्ये बाई भेटल्या. "काय झालं गं?"

"मणक्याचा त्रास," मीच घाईने म्हणालो. मुलीने मान खाली घातली.

तिच्या वाकलेल्या खांद्यांकडे बघत बाई म्हणाल्या, "मणका कसला! छातीच्या वजनाचा त्रास हा. मीपण छाती कमी करायचं ऑपरेशन करून घेतलंय. पाठदुखी थांबली माझी. पण वण राहतात हां. आणि पुढे बाळाला पाजता येईलच असं नाही. विचारलंस का डॉक्टरला?"

"नाही, काकी."

"मग मी येते. बाबांना बसवू बाहेर."

मुलगी हसली. मला मात्र मान वर करवेना.

पुढच्या खेपेला मी खरंच बाहेर बसलो. बंद दारातून मुलीचा आवाज येत होता. ती एकामागून एक प्रश्न विचारत होती. माझ्यासमोर तिने यातला एकही विचारला नव्हता.