कोरडा सांडवा

आमच्या पारनेर तालुक्यात पाणी अडवायचं कुणाला शिकवावं लागत नाही. अडवा आणि जिरवा, हे पोरंसुद्धा जाणतात. 'मिरवा' हे तिसरं मात्र आमच्या वरच्या अंगाला जमीन घेतलेल्या शहरातल्या साहेबांनी काढलं.

त्यांनी ओढ्यावर मातीचा बांध घातला, तेव्हा आम्ही खूशच झालो होतो. बांध भरला की जादा पाणी सांडव्यावरून खाली येईल आणि तुमची विहीर तगेल, असं त्यांनी स्वतः आमच्या ओट्यावर बसून सांगितलं होतं. चहाही दोनदा घेतला. मग पाण्यात बदकांच्या आकाराच्या बोटी आल्या, काठावर तंबू आले आणि फाटकावर तिकीट आलं.

यंदा बांध काठोकाठ भरला. पाणी भरलं की त्याची ओटी भरायची, ही आमच्याकडची रीत. ती भरायची सांडव्यावर, वाहत्या पाण्याची. साहेबांनीच निरोप धाडला, म्हणून सासूबाई आणि मी खण-नारळ घेऊन गेलो. पाहते तर सांडव्यावर वाळूच्या गोण्यांची भिंत. थेंबही खाली येत नव्हता. माझं डोकंच फिरलं.

"हे काय?" मी विचारलं.

"ताई, बोटींना पाण्याची खोली लागते," साहेब हसत म्हणाले. "पाहुणे लांबून येतात."

"खोली आमच्या विहिरीलाही आहे. पाणी नाही."

ते सोबत आणलेल्या फोटोवाल्याकडे वळून म्हणाले, "आजींना जरा पुढे घ्या." संताप कशाचा आला म्हणाल, तर त्या हसण्याचा. आमचं पाणी अडवायचं आणि त्याची पूजाही आमच्याच हातून करून घ्यायची. चोर तर चोर, वर शिरजोर.

सासूबाई भांडल्या नाहीत. त्यांनी नारळ पदराखाली घेतला. "ज्या पान्याला खाली यायची मुभा न्हाई, त्याची वटी मी न्हाई भरायची," एवढंच म्हणाल्या आणि वळल्या.

विहिरीला पाणी आलं की तिथंच वाहू, म्हणून तो नारळ त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला. गोण्या अजून तशाच आहेत. रविवारी बोटींवरची गाणी आमच्या करपलेल्या कांद्यापर्यंत ऐकू येतात. परवा देव्हारा पुसताना मी नारळ हलवून पाहिला. आतलं पाणीही आटलं होतं.