मुलीने स्मॅश मारणं सोडलं तेव्हा

मुलीच्या बॅडमिंटनच्या सरांचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरला कामावर होते. जीन्स शिवून आल्या की त्यांचे सुटे धागे कापायचे, बटणं तपासायची, घड्या घालायच्या, हे माझं काम. मशीनच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून जिन्यात गेले.

"ताई, हिचा खांदा दुखतोय का?" सरांनी विचारलं.

"नाही हो. का?"

"स्मॅशच मारत नाहीये. बरेच दिवस बघतोय मी. शटल छान वर येतं, पॉइंट समोर दिसतो, आणि ही हळूच नेटपाशी टाकते. विचारलं तर काही नाही म्हणते. मुलं दुखणं लपवतात, ताई. एकदा डॉक्टरांना दाखवा. स्पर्धा तोंडावर आली आहे."

मुलगी माझी तेरा वर्षांची, आणि तो स्मॅश हेच तिचं खणखणीत नाणं होतं. मांजर्लीत आमच्या बिल्डिंगखाली ती प्लास्टिकच्या शटलने खेळायची, तेव्हाही समोरच्या पोरांना तो परतवता यायचा नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून अंबरनाथच्या हॉलमध्ये नेलं. सरांनी पाहिलं, ठेवून घेतलं, आणि पुढच्याच वर्षी डबल्सला जोडी लावून दिली. ती जोडी जिल्ह्यात जिंकली. आता राज्य स्पर्धा होती.

जोडीदारीण उल्हासनगरच्या एका सिंधी कापडव्यापाऱ्याची मुलगी. पोरगी गुणी, माझ्या मुलीवर जीव टाकणारी. पण तिचं घर वेगळं होतं. तिला काय खायचं ते सांगायला बाई होती, मॅचनंतर पाय चोळायला माणूस होता, बॅगेत तीन रॅकेटी होत्या. आमची मुलगी सकाळी उकडलेली अंडी आणि नाचणीची भाकरी खाऊन बाबांच्या बाइकवर मागे बसायची. तिचे बाबा आनंदनगरला कंपनीत पॅकिंगला आहेत. तिला हॉलवर सोडून ते तसेच शिफ्टला जात.

सुरुवातीला निभत होतं. मग सर म्हणाले, आता पिसांच्या शटलवरच सराव हवा. ती शटलं एका तासात पिसं टाकतात. घरखर्च माझ्या पगारात आणि खेळ तिच्या बाबांच्या ओव्हरटाइममध्ये, असं आम्ही न बोलता ठरवून टाकलं होतं. उन्हाळ्यात कंपनीच्या ऑर्डरी कमी झाल्या आणि ओव्हरटाइम बंद झाला.

अशात हा खांदा. त्याच संध्याकाळी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात वर करायला लावला, मागे वळवला, दाबून पाहिला. एक्स-रे काढला. त्यात काहीच नव्हतं.

"दुखतं का गं?" मी रिक्षात पुन्हा विचारलं.

"नाही म्हटलं ना आई," ती म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून मी हॉलवर गेले. पायऱ्यांवर बसून बघत राहिले. सर म्हणत होते ते खरं होतं. शटल डोक्यावर यायचं, ती पाय उचलायची, हात मागे जायचा, आणि शेवटच्या क्षणी मनगट सैल पडायचं. समोरचे ते टपकन उचलून परत देत. जोडीदारीण चिडली. "मार ना यार! क्या कर रही है तू?" माझी मुलगी खाली मान घालून सर्व्हिसच्या जागी गेली.

खेळ संपल्यावर त्या मुलीचे वडील माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. माणूस सज्जन, आवाज कधी चढवायचा नाही. त्या दिवशीही चढवला नाही, म्हणूनच जास्त लागलं.

"भाभीजी, बुरा मत मानना. इंजुरी असेल तर आत्ताच बोला. स्पर्धेची एंट्री जायच्या आधी पार्टनर बदलता येतो. माझ्या मुलीचं पण वर्ष जाईल ना?"

"डॉक्टर म्हणाले, काही नाही."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"



घरी आल्यावर मी भाजी चिरायला बसले. मुलीने चहाच्या पातेल्यात पाणी ठेवलं, आणि उकळी आल्यावर बॅगेतून शटलं काढून एकेक वाफेवर धरू लागली. वाफ दिली की वाकडी पिसं जरा सरळ होतात, हे मला ठाऊक होतं. पण ही शटलं नवी नव्हती. हॉलच्या कोपऱ्यात इतरांनी टाकून दिलेली होती.

"ही कशाला आणलीस?"

"अजून चालतात."

"सर नवीन देतात ना?"

"नवीनचे पैसे घरून आणायला सांगतात." मग पातेल्याकडे बघतच म्हणाली, "जोरात मारलं की पिसं तुटतात आई. आणि रॅकेटचं गटिंगपण तुटतं. त्या दिवशी तार तुटली तेव्हा बाबा म्हणाले ना, परत तुटली? हळूच ड्रॉप टाकला की काहीच तुटत नाही."

माझी सुरी हातात तशीच राहिली. दारात तिचे बाबा उभे होते. शिफ्टवरून नुकतेच आले होते, पायातले बूटही काढले नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आत जाऊन पलंगाच्या कडेवर बसले.

मुलगी खाली गेल्यावर आमचं वाजलं. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून मी टीव्ही मोठा केला होता.

"अहो, जोडीदारणीच्या घरचे स्वतःहून म्हणत होते, रॅकेट देतो, गाडीतून नेतो. तुम्हीच नाही म्हणालात."

"मग काय, उपकारावर खेळवायची? उद्या हरली तर त्यांच्या नजरेला नजर देईल ती?"

"आज तरी कुठे देतेय? ती खेळतच नाहीये!"

"बंद करू या मग! आपल्याला झेपत नाही, सांगून टाकू सरांना."

"तुम्ही सांगा तिला. मी नाही सांगणार."

ते उठून गॅलरीत गेले. मुलीला सगळं कळलं होतं. रात्री अर्धी भाकरी ताटात टाकून ती उठली.

दुसऱ्या दिवशी हे तिला हॉलवर सोडून शिफ्टला गेलेच नाहीत. मला फोन करून बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा ते त्या व्यापाऱ्यासमोर उभे होते, कंपनीचा गणवेश अंगात. मला वाटलं, आता काहीतरी वेडंवाकडं होणार.

"मुलीला काही झालेलं नाही," हे म्हणाले. "तार तुटेल, खर्च येईल, म्हणून मारत नव्हती. आम्हाला काल कळलं."

त्या गृहस्थांना क्षणभर कळेचना. मग म्हणाले, "अरे भाईसाब, इतनी सी बात?"

"तुमच्यासाठी इतनी सी."

हॉलमध्ये शटलांचे आवाज चालू होते. मी पर्स घट्ट धरून उभी. त्या माणसाचा चेहरा उतरला. ते हळू म्हणाले, "ग़लत बोल गया. सांगा, काय करू?"

"तिला तुमच्या गाडीतून न्या. एवढं मी मागतो. राहणं, जेवण, तारा आमच्या. रॅकेट तिची तिचीच."

"ठीक आहे," ते म्हणाले आणि हात पुढे केला. यांनी तो धरला, पण लगेच सोडलाही.

स्पर्धेला आम्ही दोघं एसटीने गेलो. पहिल्या मॅचचा पहिला गेम हरलो. मुलगी अजून जपूनच खेळत होती. इतक्या दिवसांची सवय, सांगून जात नाही. जोडीदारणीचे वडील आमच्या दोन ओळी पुढे बसले होते, त्यांचा पाय सारखा हलत होता. दुसऱ्या गेमलाही मागे पडलो तेव्हा हे एकदम उभे राहिले आणि आख्ख्या स्टेडियमला ऐकू जाईल असे ओरडले, "तोड! तुटू दे, मी आहे!"

पंचांनी वर बघितलं. लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलीनेही वर बघितलं. पुढचं शटल उंच आलं तेव्हा तिने पाय उचलला आणि मारलं. तो आवाज मी किती दिवसांनी ऐकला. दोन्ही पोरींनी तो गेम ओढून आणला, मग तिसराही. पुढच्या मॅचमध्ये तिची तार तुटली. जोडीदारणीने पळत जाऊन आपली रॅकेट तिच्या हातात कोंबली आणि कुणाला उपकाराबिपकाराचा विचार करायला वेळच मिळाला नाही. ती मॅच आम्ही हरलो.

दिवाळीनंतर त्या मुलीला तिच्या वडिलांनी ठाण्याच्या मोठ्या अकादमीत घातलं. ते सांगायला घरी आले, मिठाई घेऊन. चूक काहीच नव्हती त्यात. माझ्या मुलीची जोडी मोडली.

मग एका रविवारी आम्ही तिला समोर बसवलं आणि घरात किती येतं, कुठे जातं, ते सरळ सांगितलं. लांबच्या स्पर्धा जमणार नाहीत, जवळच्या जमतील. दहावीपर्यंतचं आम्ही बघू, पुढचं आत्ता माहीत नाही.

"बंद नाही ना?" तिने विचारलं.

"बंद नाही," तिचे बाबा म्हणाले.

ती आता सिंगल्स खेळते. गेल्या आठवड्यात पहिल्याच फेरीत हरली, घरी येऊन बॅग फेकली, आणि खूप भूक लागलीय म्हणत स्वयंपाकघरात शिरली. मी पोहे भिजवले.