वर्तुळ आणि बांगडीची शपथ

“बांगडी ठेवून काढलंय हे! मोकळ्या हाताचं न्हाय!” येडशीच्या चित्रकलेच्या वर्गात सर ओरडत होते आणि वर्तुळ माझं होतं. ते पास झालं तरच मला घागर काढायला मिळणार होती. सहा महिने मी वर्तुळातच फिरत होते.

सरांचा कुणावरच विश्वास नाही. रेघ सरळ दिसली की ते पट्टी हुडकतात. कागद उन्हात धरतात, हुंगतात आणि लाल पेनानं ‘पुन्हा’ लिहितात. आजवरचे त्यांचे ‘पुन्हा’ ओळीनं मांडले, तर तुळजापूरला जाऊन परत येतील.

“आई भवानीची शपथ, बांगडी कागदाला लागली न्हाय!” मी म्हणाले. शपथ खरीच होती. वर आगाऊपणा केला, “सर, तुम्हीच एक काढून दाखवा की!”

सरांनी श्वास रोखून वर्तुळ काढलं. ते नव्या सुनेच्या पहिल्या भाकरीसारखं झालं. त्यांनी तेही उन्हात धरलं आणि त्यावरही लाल पेनानं ‘पुन्हा’ लिहिलं. मला लाजच वाटली.

नंतर त्यांनी माझा कागद परत नाकाशी नेला.

“मग वाटी असंल,” सर म्हणाले. “फोडणीचा वास येतोय.”