एकाच ताग्यातलं कापड

भाचीचा फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा गाळत होतो. "मामा, आई गेली," एवढंच ती म्हणाली. आदल्याच संध्याकाळी मी गुडगावच्या हॉस्पिटलात यशोधराताईपाशी बसून आलो होतो. बसून म्हणजे काय, पलंगाशेजारी एक लोखंडी स्टूल होतं, त्याच्यावर कसाबसा टेकून. ताईच्या अंगात उठून बसण्याचंही त्राण उरलं नव्हतं, पण ओठांवर लिपस्टिक होती आणि नजर त्या स्टुलावर. "ज्यानं हे बनवलं त्याला स्वतःला पाठ नव्हती का रे?" ती म्हणाली. माझी बहीण जाता जाताही फर्निचरवरून भांडत होती, हे मी आता भेटायला येणाऱ्या सगळ्यांना हसत हसत सांगतो.

नव्वदच्या दशकात ज्यांनी तिला दिल्लीत पाहिलं, ते तिला विसरणं शक्य नाही. आखूड कापलेले केस, बिनबाह्यांचं ब्लाऊज, हातमागाची भडक साडी, खांद्यापर्यंत लोंबणारी चांदीची कानातली आणि स्वतः चालवलेली लाल मारुती. शहरात तेव्हा नवा पैसा खेळत होता. गुडगावात मोहरीची शेतं जाऊन बंगले, म्हणजे तिकडच्या भाषेत कोठ्या, उभ्या राहत होत्या, आणि प्रत्येकाला घरात काहीतरी 'इम्पोर्टेड' हवं होतं. पांढरं लेदर, काचेची टेबलं, सोनेरी नळ. असल्या दिवाणखान्याला ताई तोंडावर 'दाताच्या डॉक्टरची वेटिंग रूम' म्हणायची. ती सजवायची त्या घरातला सोफा राणी रंगाचा असायचा, ऐसपैस, पाय वर घेऊन बसावं असा. मागची भिंत मोरपंखी. लोक आधी दचकायचे, मग त्यांचे शेजारी तिचा नंबर मागायचे. कीर्तीनगरच्या फर्निचर बाजारात ती शिरली की सुतार हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहायचे, आणि तिला ते मनापासून आवडायचं. दिमाख तिच्यात होताच, आणि तो लपवावा असं तिला कधी वाटलं नाही.

हा दिमाख आला कुठून, असं मला पुष्कळांनी विचारलंय. आम्ही वाढलो ते दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. बाबा भंडाऱ्याकडचे, केंद्र सरकारात नोकरीला. घरातली खाट, टेबल, खुर्च्या, सगळं सरकारी आणि भाड्याचं, प्रत्येक वस्तूच्या पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेला. "ओरखडा काढू नका, परत द्यायचंय," हे बाबांचं पालुपद. स्वतः बाबा खुर्चीच्या अगदी कडेवर बसत, कोणी आलं की चटकन उठता यावं म्हणून. त्याचं कारण आम्हा भावंडांना ठाऊक होतं. गावी आमचे आजोबा मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, ओसरीखाली उभे राहूनच बोलायचे. आपल्याच अंगणात खाटेवर टेकलेले असले आणि रस्त्यानं वरच्या जातीचं कोणी निघालं, तरी त्यांना उठावं लागे. पुढे घराणं बौद्ध झालं, बाबा शिकले, दिल्लीत साहेब झाले, पण ते उठणं काही त्यांच्या अंगातून गेलं नाही.

बाबा निवृत्त झाले तेव्हा एक टेम्पो आला आणि नंबरांसकट सगळं घेऊन गेला. रिकाम्या खोलीत ताई बराच वेळ उभी होती. तिनं सरकारी परीक्षा देऊन अधिकारी व्हावं, ही बाबांची इच्छा. आणि ही बाई निघाली लोकांची घरं सजवायला. "श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत आपल्या लोकांचं काय काम?" बाबा विचारत. ते रागावून बोलत नसत, म्हणून ते तिला जास्त लागे. वर्षं गेली, ताईचं नाव झालं, तिचा फोटो पेपरात आला, बाबांनी तो नीट घडी करून कपाटात ठेवला. पण एखादं घर बघायला चला म्हटलं की त्यांचे गुडघे दुखायला लागायचे. दिल्लीभरची वाहवा तिला मिळत होती आणि तिला हवी होती ती या एका माणसाची...

तिच्या कामात एक अट असायची. घर कितीही मोठं असो, स्वयंपाकघरात एक खुर्ची ठेवायची, तिथं काम करणाऱ्या माणसासाठी. त्या खुर्चीला पाठ हवी, हात हवेत, आणि दिवाणखान्याच्या सोफ्याचं कापड ज्या ताग्यातलं, त्याच ताग्यातलं कापड तिलाही. गिऱ्हाइकांना वाटे, हीसुद्धा एक फॅशन असेल. ताई कधी खुलासा करत बसली नाही.

तिचं तोवरचं सगळ्यात मोठं काम गुडगावात एका कारखानदाराच्या कोठीचं होतं. घर ताब्यात द्यायच्या दिवशी तिनं बाबांना आणि मला गाडीत घातलं. बाबांना म्हणाली, "घर बघू नका, नुसते माझ्यासोबत चला." आम्ही पोचलो तर घरातल्या वृद्ध माताजी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. ड्रॉइंग रूमची कुर्सी इथं कोणी आणली, असं त्या विचारत होत्या. ताईनं शांतपणे सांगितलं की ती इथलीच आहे, खाना बनवणाऱ्या बाईची.

"उसके लिए पटरा है ना," माताजी जमिनीवरच्या पाटाकडे बोट दाखवत म्हणाल्या. "नौकर अब सोफ़े के कपड़े पर बैठेंगे?"

"तो सोफ़ा भी वापस जाएगा, माताजी," ताई म्हणाली. "कपड़ा तो एक ही है."

मुलगा, म्हणजे तो कारखानदार, बाहेर कोणाशी तरी बोलत होता. ताईचा चेहरा मला दिसत होता, ती सोफा खरंच उचलून नेणार होती. तेवढ्यात मागून बाबा पुढे आले आणि आपल्या ऑफिसातल्या हिंदीत अदबीनं म्हणाले, "बहनजी, मैं ज़रा बैठ जाऊँ?" उत्तराची वाट न बघता ते त्या खुर्चीत बसले. कडेवर नाही. पाठ पूर्ण टेकवून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून. कारखानदार आत आला, त्यानं हात पुढे केला, आणि बाबांनी तो बसल्याजागी हातात घेतला. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी असं पहिल्यांदा पाहत होतो. पाहुणा बसलेलाच आहे म्हटल्यावर माताजींना चहा तिथंच मागवावा लागला. कप हातात घेऊन बाबा ताईकडे वळले.

"हे तुझं काम आहे?"

"हो."

"मग आधी सांगायचं ना," बाबा म्हणाले.

परत येताना ताई गाडी चालवत रडत होती, आणि काजळ गालावर उतरलं तरी पुसत नव्हती. ती खुर्ची तिथंच राहिली. पुढे कळलं की हिवाळ्यात माताजी स्वतःच तिच्यात बसून मटार सोलतात आणि खाना बनवणाऱ्या बाईला जागा मिळत नाही. ताई पोट धरून हसली, आणि तिनं दुसरी खुर्ची पाठवून दिली.

ताईच्या स्वतःच्या गुडगावच्या फ्लॅटमध्येही अशी खुर्ची आहे, तिथल्या सोफ्यासारखीच राणी रंगाची. तिच्याकडे वर्षानुवर्षं स्वयंपाक करणारी कमला त्या खुर्चीत बसायची, पण आमच्यापैकी कोणी आत डोकावलं की ताडकन उठायची. ताई दर वेळी चिडायची. "बैठी रहो. कोई भी आए, बैठी रहो," असं तिला बजावायची. कमला मान डोलवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा उठायची. ताई म्हणायची, अख्खी कोठी सजवणं सोपं, हे एवढंच अवघड.

शोकसभेच्या दिवशी फ्लॅटमधलं सगळं फर्निचर बाल्कनीत नेलं होतं. तो राणी रंगाचा सोफासुद्धा. जमिनीवर पांढऱ्या चादरी घातल्या होत्या, समोर बुद्धमूर्ती आणि ताईचा कानातल्यांसकट हसरा फोटो. मोठमोठ्या घरांतले लोक आले होते, तिच्या रंगांबद्दल, तिच्या हिमतीबद्दल छान बोलत होते. मला अभिमान वाटत होता, आणि तिथं बसवतही नव्हतं. बुद्धवंदना झाली तसा मी पाणी प्यायला आत स्वयंपाकघरात गेलो. घरातली ती एकच खुर्ची जागेवर होती आणि कमला तिच्यात बसली होती, पाठ टेकवून, पदरानं डोळे पुसत. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मटके में ठंडा है, मामाजी," ती म्हणाली. उठली नाही.

मी माझं पाणी घेतलं आणि तिच्या शेजारी, ओट्याला टेकून, उभा राहिलो.