इंजिनातली काजळी

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास आमच्याकडे एक जुनी मोटार होती. आमचे हे ती भाड्याने चालवत, बहुतेक नगर ते कोल्हार. एरवी अबोल माणूस, पण मोटारीचा विषय निघाला की थांबत नसत. आमच्या लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते.

त्या हिवाळ्यात मोटार दमायला लागली. कोल्हारहून परतताना विळदच्या घाटात इंजिन आतून ठोके द्यायचं आणि उतारूंना खाली उतरून चालावं लागायचं. "आत काजळी धरलीय, हेड उघडून खरवडायला पाहिजे," असं हे रोज म्हणत आणि रोज भाडं घेऊन जात. मग एका सकाळी मोटार सुरू करायला पुढून हँडल मारताना इंजिनाने उलटा झटका दिला आणि यांचं उजवं मनगट मोडलं. हाडवैद्याने हात बांधून दिला, महिनाभर हलवू नका म्हणाला.

दीर मोटार चालवायला तयार होते, पण इंजिन खरवडायचं म्हटलं की मागे सरत. शेवटी मीच म्हटलं, "तुम्ही सांगा, मी करते."

हे माझ्या हातांकडे बघत म्हणाले, "हात लई काळे होतील."

"तवा मीच घासते ना?"

दुसऱ्या दिवशी दिरांनी नट सैल करून ते जड हेड, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उचलून दिलं. त्याच्या आतल्या अंगाला आणि पिस्टनच्या माथ्यावर काळी, दगडासारखी खपली बसली होती. मी उलथनं आणायला उठले, तशी यांनी डाव्या हाताने माझा पदर धरला.

"लोखंड नको. पिस्टन मऊ असतो, चरे पडतात."

मग बांबूची कामटी तासून घेतली. कण खाली पडू नयेत म्हणून इंजिनाच्या भोकांत चिंध्या कोंबल्या, खपली रॉकेलने भिजवली आणि मी बसले खरवडत. हे बाजेवरून सांगत होते, "हळू. त्या कडेला नको. हां, असं."

दुपारी माझे दोन्ही हात रॉकेलने माखलेले. यांनी डाव्या हाताने भाकरी मोडली आणि घास माझ्या तोंडाशी धरला. दीर समोरच होते. मला कुठे बघावं कळेना. हे मात्र इंजिनाच्या झडपांकडे बघत म्हणाले, "तिथं अजून थोडी राहिलीय."

संध्याकाळपर्यंत पिस्टन चांदीसारखे उजळले. हेड बसवलं, नट मधून कडेकडे आवळले. सकाळी दिरांनी बिस्मिल्ला म्हणून हँडल मारलं आणि तिसऱ्या वेळी इंजिन सुरू झालं. आम्ही तिघं विळदचा घाट उतरून गेलो आणि वळून चढायला लागलो. हे कान देऊन बसले होते. एकही ठोका आला नाही. वर पोचल्यावर म्हणाले, "पुन्हा खाली घे."

त्या दिवशी आम्ही तो घाट तीनदा चढलो. यांचं मनगट पुढे नीट जुळलं, पण काजळी काढायचं काम मोटार विकेपर्यंत माझ्याकडेच राहिलं.