चामड्याची कड

"वास कसला येतोय हा?"

परीक्षक सर माझ्या टेबलापाशी थांबले आणि नाकाला रुमाल लावला. कोल्हापुरातलं मोठं कॉलेज, विज्ञान प्रदर्शन, गेल्या थंडीतली गोष्ट. समोर माझी पेटी, घरात बसून केलेली. वर काच, खाली काळा रंगवलेला पत्रा, त्याच्याखाली आइस्क्रीमच्या कारखान्यातनं आणलेला कोरडा बर्फ. आत अल्कोहोलची वाफ. आभाळातनं सारखे बारीक कण पडत असतात, आपल्या अंगातनं आरपार जातात. डोळ्यांना दिसत नाहीत. पेटीत त्यांची वाट दिसते, पांढऱ्या दोऱ्यासारखी.

काच आणि पत्र्यात फट राहिली की वाफ निसटते, दोरे दिसत नाहीत. रबर लावून बघितलं, गारठ्यानं तडकलं. मग माझ्या वडलांनी, आबांनी, चामड्याची कड कापून दिली. तेल पाजून. आमच्या घरात आज्या-पणज्यापासनं चपला शिवतात. कड गच्च बसली, दोरे दिसायला लागले. आबा म्हणाले, "आयला! ही समदी आपल्या अंगातनं जात्यात व्हय?" आणि खुदुखुदू हसत बसले.

"चामडं आहे सर," मी म्हटलं.

सरांनी पाटीवरचं माझं आडनाव वाचलं.

"तरीच. घरचा धंदा इथं कशाला आणलात? काढा ते आधी. आणि हात धुऊन या."

शेजारच्या टेबलावरची पोरं फिदीफिदी हसली. आबा माझ्या मागंच बर्फाचा डबा धरून उभे होते. सरांनी विचारलं, "हे कोण?"

"बर्फ आणून देणारे," मी म्हटलं.

आबांनी ऐकलं. डबा खाली ठेवला. म्हणाले, "काढा की ताई. काय हुतंय त्येला."

माझा बाप मला अहो-जाहो बोलला. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून.

मी कड काढली. चिकटपट्टी लावली. आबांनी ती कड पुसून खिशात ठेवली. पेटीत मग एक दोरा दिसेना, नुसता काळा पत्रा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चामड्याला नाक मुरडलं ते सरांनी. बापाला नाकारलं ते मी. हे कुणाच्या माथी मारू?

सर पाहुण्यांना घेऊन परत आले. "इथं काही दिसत नाही, पुढं चला."

"आबा, कड दे," मी ओरडलेच. सगळा हॉल वळला. "हे माझे वडील हायत. बर्फवाले न्हाईत. कड त्यांनी केलीया. वास सोसत नसंल तर खुशाल जावा."

सर आणि पाहुणे गेले. आबांनी कड दिली, पण माझ्याकडं बघितलं नाही. पेटीत दोरे परत उमटले तेव्हा बघायला आम्ही दोघंच होतो. उचगावला घरी पोचेपर्यंत गाडीवर मी मागं बसून रडत होते. माफी मागितली. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे की." पण ते 'ताई' कानातनं जात नाही. जाऊही नये.

आता मी पेटी घेऊन शाळा-शाळांतनं जाते. बर्फ घालायच्या आधी बापाचं नाव सांगते, त्याचा धंदा सांगते, कड पोरांच्या हातात देते. जो मास्तर नाकाला रुमाल लावतो, त्याच्यासमोर पेटी उघडत नाही.