मागितल्याशिवाय वाढायचं नाही

तुमची आई चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. शाळेने सांगितलं होतं, बोलायला लागली की आणा. म्हणून अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे मी तिला रोज एकटीच्या शिकवणीला नेऊ लागले. घरी लेकीने काय खूण केली आणि मी काय दिलं, हे बाईंच्या सांगण्यावरून मी तारीखवार वहीत लिहीत असे. दोन महिन्यांत शब्द मात्र एकही नव्हता.

बाईंनी वही चाळली. "अवं पोरी, तिनं बोट दाखवलं का तू पाणी देते, नुसतं पाहिलं का भाकर वाढते. मंग ती बोलन काहून? मागितल्याबिगर काही देऊ नको."

आमच्याकडे ताटावर बसलेल्याला मागावं लागलं, तर वाढणारीची नाचक्की. तरी दुसऱ्या दिवशी मी वरणाचं भांडं घेऊन नुसती उभी राहिले. तिने वाटी पुढे केली, ताट सरकवलं, पाय आपटले. माझा धीर सुटत चालला होता, तेवढ्यात ती ओरडली, "वाढ ना!"

मी इतकं वाढलं की वरण ताटाबाहेर गेलं. सासूबाई म्हणाल्या, "आता इले चूप कोन करन?" मला रडू आवरेना. जूनमध्ये तिला शाळेत नेता येणार होतं.